रत्नागिरी ते खारघर: सत्तरीला टेकलेल्या पेशंटची ट्रान्सप्लांटपूर्व तपासणी

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरवर औषधांच्या चार सायकल झाल्या, आजार आटोक्यात आला, की 68 वर्षांच्या पेशंटच्या घरीही ट्रान्सप्लांटचं बोलणं निघतं. स्वतःच्याच स्टेम सेल काढून ठेवायच्या, मेल्फलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस द्यायचा, मग त्या पेशी परत चढवायच्या. शरीराला हे झेपेल का, हे ठरवणारी ही तीन दिवसांची फेरी. जन्मतारखेवरून निकाल लागत नाही. पण थकलेला, झोप न झालेला माणूस तपासला, तर जो आकडा येतो तो त्याचा नसतो, प्रवासाचा असतो.

म्हणून आधी तारीख. उपचारातलं डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टिरॉइड घेतल्याच्या रात्री झोप लागत नाही, साखर उसळते, नंतर एक-दोन दिवस अंगातून जीव गेल्यासारखं होतं. अपॉइंटमेंट मागतानाच डेक्साचा वार सांगा आणि त्यापासून तीन-चार दिवस लांबची तारीख घ्या. अपॉइंटमेंट परळची की खारघरची, हेही नीट वाचा. दोन्ही टाटा मेमोरियल सेंटरचीच, पण ट्रान्सप्लांटचं युनिट खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे.

मांडवी एक्सप्रेसने जायचं असेल तर पनवेललाच उतरा, मुंबईपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. पनवेलहून हार्बर लोकलने खारघर तिसरं स्टेशन, पण मणक्याला फ्रॅक्चर असलेल्याला लोकलमध्ये चढवू नका, सरळ टॅक्सी करा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचं सर्टिफिकेट लागतं, ते गाडीतही जवळ ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, महिनाभर आधीच्या वेळेवर विसंबू नका. खोली घेताना कमोड आहे का, हे भाड्याच्या आधी विचारा. डेक्साने मांड्यांचे स्नायू उतरलेले असतात, बसलेला माणूस उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासण्या. रक्त, टूडी इको, दात, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या यांत पेशंटला विशेष काही करायचं नसतं. घोळ होतो तो फुफ्फुसांच्या चाचणीत. नाकाला चिमटा, तोंडात नळी. नीट बसणारी कवळी काढू नका, नाहीतर ओठांच्या कडेने हवा सुटते. फुंकर किमान सहा सेकंद लांबवायची असते. फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो हे मोजणाऱ्या डीएलसीओ चाचणीला श्वास दहा सेकंद रोखायचा असतो, त्याची सवय आदल्या आठवड्यात घरी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा उगाच कमी दिसतो, म्हणून रिपोर्टवर हिमोग्लोबिनची दुरुस्ती केलेला आकडा आहे का, ते बघा. पुरुष पेशंटचं हिमोग्लोबिन 9 आणि डीएलसीओ 70 टक्के आला, तर नेहमीच्या एका सूत्राने दुरुस्त केल्यावर तो 88 च्या आसपास जातो. सहव्याधी मोजणाऱ्या एचसीटी-सीआय या गुणांकनात 66 ते 80 टक्क्यांना 2 गुण, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या मधुमेहाला 1. म्हणजे याच पेशंटला मधुमेहही असेल आणि दुरुस्ती राहून गेली तर एकूण 3, थेट जास्त जोखमीचा गट. दुरुस्ती केली तर फक्त 1.

किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनचंही तसंच. 68 वर्षं, 50 किलो, क्रिएटिनिन 1.2. लॅबच्या कागदावर हे सहसा ‘नॉर्मल’ म्हणून निघून जातं. हिशोब करा: 140 वजा 68 म्हणजे 72, गुणिले 50 म्हणजे 3600. त्याला भागायचं सूत्रातल्या ठरलेल्या 72 गुणिले 1.2 ने, म्हणजे 86.4 ने. उत्तर साधारण 42, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते त्याचा अंदाज. बाईमाणूस असेल तर त्याला 0.85 ने गुणायचं. हाडकुळ्या म्हाताऱ्या शरीरात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी फसवते. मेल्फलानचा डोस प्रति चौरस मीटर 200 मिलिग्रॅम ठेवायचा की 140 वर आणायचा, यात हा आकडा मोठा असतो.

मग चालणं. चार मीटर नेहमीच्या चालीने. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.8 मीटर, त्याहून हळू असेल तर डॉक्टर कारण शोधतात. सैल चपला घालून पाठवू नका, बंदाचे बूट किंवा सँडल हवेत. घरी काठी वापरत असतील तर इथेही काठी, ऐट नको. बोर्टेझोमिब या मायलोमाच्या इंजेक्शनने तळव्यांना मुंग्या येत असतील तर आधीच सांगा, कारण मग हळू चालण्याचा दोष नसांचा, हृदयाचा नव्हे. खुर्चीची चाचणी हात छातीवर बांधून पाच वेळा उठण्याची, 12 सेकंदांच्या आत झाली तर चांगलं. मणक्याचं दुखणं असेल तर ती सुरू होण्याआधी बोला.

खरी गंमत प्रश्नावलीत. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे, प्रवास, औषधं, पैसे: हे स्वतः जमतं का? आजोबा काही बोलायच्या आत मुलगा सांगतो, "सगळं करतात!" गोळ्या मात्र रोज सून काढून देते. उलट, आयुष्यात चूल न पेटवलेल्या माणसाच्या नावापुढे ‘स्वयंपाक जमत नाही’ पडतं आणि उगाच एक गुण जातो. ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ यातला फरक सांगायची जबाबदारी सोबत्याची, बाकी त्याने गप्प बसावं. स्मरणशक्तीची चाचणी मराठीत मागा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावूनच बसवा, शिक्षण किती ते खरं सांगा. सातवी शिकलेल्याचे गुण पदवीधराच्या मापाने मोजले तर विसराळूपणाचा शिक्का बसतो.

औषधांची यादी करून नेऊ नका, पिशवीच न्या. स्ट्रिप, चूर्ण, वैद्याचा काढा, झोपेची गोळी, सगळं. यादीत काढा येत नाही, पिशवीत येतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटतात. उत्तर हो किंवा नाही एवढंच नसतं. ‘कमी डोसने करू’ किंवा ‘दीड महिन्याने पुन्हा बघू’ हीही उत्तरं असतात. या भेटीत घरातला निर्णय घेणारा माणूस हवा, कारण विचारलं जाणारच: दोन-तीन आठवडे दाखल असताना आणि सुटल्यावर चोवीस तास सोबत कोण? ‘आम्ही सगळे आहोत’ हे उत्तर चालत नाही. एक नाव द्या, आणि ते आजारी पडलं तर दुसरं.

‘पुन्हा बघू’ असेल तर घरी रोज खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम, दहा वेळा, दिवसातून दोनदा, आधी हाताच्या आधाराने. प्रोटीन किलोमागे 1.2 ग्रॅम, म्हणजे 50 किलोला 60. किडनी कमकुवत असेल तर आधी आहारतज्ज्ञाला विचारून. एका अंड्यात 6 ग्रॅम असतं, तेव्हा नुसत्या पेजेवर भागत नाही. अंडी, बांगडा, घट्ट वरण, दही हे सगळं रोजच्या ताटात लागतं. पुढच्या फेरीला तेच बूट घाला, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना करता येईल.