पोर्ट ३३८९

मे महिन्यात जळगावात माणूस गच्चीवरच झोपतो, खाली कूलर नुसती गरम हवा फेकत असतो. पहाटे पावणेसहाला उशाशी ठेवलेला फोन वाजला. नाइटच्या सिस्टर होत्या.

"भाऊ, डायलिसिसचे पेशंट येऊन बसलेत आणि एकाचीबी फाइल उघडत नाहीये. फायलींची नावंच बदललीत सगळ्या. आणि इंग्रजीत एक चिठ्ठी आलीय."

'चिठ्ठी' म्हटल्यावर मी चप्पल शोधायला लागलो. "कॉम्प्युटर बंद करू नका, फक्त मागच्या निळ्या वायरी काढा. सगळ्यांच्या."

पन्नास खाटांच्या त्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे सालाच्या करारावर आहे. सर्व्हर जिन्याखाली, मोडक्या व्हीलचेअरच्या शेजारी. जाऊन बघतो तर प्रत्येक फोल्डरमध्ये तीच चिठ्ठी: तुमचा डेटा कुलपात आहे, या पत्त्यावर संपर्क करा, पैसे क्रिप्टोमध्ये. मागे हात घातला. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच लावलेली होती. तिच्यावर 'बॅकअप' अशी चिठ्ठी माझ्याच अक्षरात. रोज रात्री अकराला बॅकअप होतो, हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. डिस्क कायम लावलेली, म्हणून सर्व्हरसोबत तिलाही कुलूप लागलं.

पण त्या वेळी सर्व्हर ही सगळ्यात छोटी अडचण होती. सातला डायलिसिसची पहिली शिफ्ट लागते. मशीन लावायचं तर पेशंटचं ड्राय वेट किती, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर वजन किती राहायला पाहिजे, हे माहीत लागतं. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किती द्यायचं ते लागतं. आणि 'बी' प्रकारची कावीळ आहे का, हे तर लागतंच, कारण त्या पेशंटचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. पूर्वी या सगळ्याचं लांबलचक रजिस्टर होतं. सॉफ्टवेअर आलं आणि रजिस्टर कपाटावर गेलं. टेक्निशियनला जुन्या पेशंटचे आकडे तोंडपाठ होते, पण तोंडपाठ आकड्यावर मशीन लावायला तो तयार होईना. बरोबरच होतं त्याचं.

पारोळ्याकडच्या एक आजी दोनच आठवड्यांपासून यायला लागल्या होत्या. त्यांनी मांडीवरची साडीच्या दुकानाची पिशवी पुढे केली. "भाऊ, मनाजोडे सर्वा कागद शेतस." खरंच होते. लॅबचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलंसुद्धा, तारखेप्रमाणे लावून रबर बांधलेले. आपल्याकडचा पेशंट कागद फेकत नाही. त्या दिवशी निम्मी शिफ्ट अशा पिशव्यांवर चालली, बाकीच्यांची वजनं घेऊन आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन लावून.

याच गडबडीत रिसेप्शनच्या एका पोराने भलताच उत्साह दाखवला. पॅसेजमधला पांढरा बोर्ड पुसून त्यावर नावं मांडली: पेशंट, मशीन नंबर, वजन आणि शेवटच्या रकान्यात 'एचसीव्ही पॉझिटिव्ह', 'बी पॉझिटिव्ह', म्हणजे 'सी' आणि 'बी' प्रकारची कावीळ. तीन नावांपुढे. समोरच्या बाकड्यांवर नातेवाईक बसलेले. त्यातले निम्मे एकमेकांच्या गावचे. मोठ्या सिस्टर जिन्यावरून आल्या, बोर्डाकडे बघितलं आणि डस्टर न शोधता सरळ तळहाताने तो रकाना पुसला. पोराने तोवर फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाही होता. त्यांनी उभ्या उभ्या तो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावला. "चोराने नेलं ते नेलं. आपण चौकात मांडायचं का?" दिवसभर त्यांच्या तळहाताला निळी शाई होती.

नऊच्या सुमारास मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं. खालपर्यंत तेच, सेकंदाला दोन-तीन. इतके, की आधीच्या दिवसांच्या नोंदी वाहून गेल्या होत्या. लॉगची जागा भरली की जुनं पुसलं जातं, आणि ती जागा मी कधी वाढवलीच नव्हती. मग पहाटे १.५२ ला एकच ४६२४. लॉगिन झालं. रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसरीकडे बसून हा सर्व्हर चालवायच्या सोयीतून.

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे त्या सोयीचं इंटरनेटकडचं दार, राउटरवर मीच उघडलं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना, आमच्या सरांना, घरून एक्स-रे बघायचे होते, आणि तेव्हा खरंच गरज होती. पंधरा दिवसांपुरतं म्हणून उघडलं. लॉकडाऊन संपला, पोर्ट राहिलं. पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि पुढे १२३. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि तिथे दोन आठवडे हाताने कामकाज चाललं, तेव्हा सरांनी मला मुद्दाम विचारलं होतं, "आपलं कसं आहे?" मी म्हणालो होतो, "सर, आपल्याकडे कोण कशाला येतंय!" कोणी आलं नव्हतंच. असली उघडी पोर्टं शोधत प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. जळगाव कुठे आहे हे त्यांना कशाला कळायला हवं?

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "कळवायलाच पाहिजे का? गावभर होईल." सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे: लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, खासगी असो की सरकारी. म्हणजे पावणेबारापर्यंत. फॉर्म ११.२० ला गेला, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार झाली, दुपारी आम्ही दोघं सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. पैसे द्यायचे नाहीत, हे सरांनी स्वतःच ठरवलं. अशा कुलपांच्या किल्ल्या फुकट देणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर या कुलपाची किल्ली आहे का ते बघायला नमुन्याची एक फाइल लागत होती. पेशंटची द्यायचं मन होईना, कँटीनच्या उधारीची दिली. किल्ली नव्हती.

वाचवलं ते अकाउंटंटकाकांनी. ३१ मार्चला सीएकडे न्यायला म्हणून त्यांनी अख्खा सर्व्हर एका डिस्कवर उतरवून घरी नेला होता. डिस्क निघाली देवघराखालच्या कप्प्यातून, अगरबत्तीच्या पुड्यांमागे. नियमाने बघितलं तर हीसुद्धा चूकच. हजारो पेशंटचे रिपोर्ट, ना पासवर्ड ना कुलूप, भुसावळच्या गाडीतून ये-जा करून आलेले. पण त्या दिवशी काकांना बोलायचं माझं तोंड नव्हतं. एप्रिल-मेचं लॅबच्या मशीनच्या मेमरीतून, फायलींमधून आणि पेशंटच्या पिशव्यांमधून हाताने भरलं. तीन आठवडे गेले.

आता बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, आलटून पालटून लागतात, काढलेली लॉकरमध्ये जाते. घरून बघायचं तर व्हीपीएन, म्हणजे बंदिस्त खासगी वाट, वर मोबाइलवर कोड.

परवा रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. नवीन मोबाइल घेतला होता, कोड येत नव्हता, आणि एक सीटी स्कॅन तातडीने बघायचा होता. "आजच्या रात्रीपुरतं ते जुन्यासारखं उघडून देतोस का?"

मी गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेलो.