क्लॅप स्विच अपडेट: रिलेचा भूत-प्रकार सापडला एकदाचा!

मागच्या वेळी सांगितलं होतं ना, टाळीने लाइट चालू-बंद करणाऱ्या माझ्या सर्किटमध्ये टाळी वाजवली की रिले (विजेवर चालणारा स्विच) लागतो आणि लगेच स्वतःहून सुटतो, ते प्रकरण आज सुटलं आणि जाम भारी वाटतंय.

सगळ्यांचा संशय एकच, रिलेची टकटक माइक ऐकतो. म्हणून माइक काढला, जागी ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर लावला आणि ५५५ ची (टाळीला एक पल्स देणारा टायमर आयसी) ट्रिगरची पिन २ क्षणभर ग्राउंडला टेकवली, तरी तेच! म्हणजे आवाजाचा संबंधच नाही. रिलेऐवजी एलईडी लावला तर सगळं मस्त. रिलेच्या कॉइलवरच्या १एन४००७ डायोडची दिशा बरोबर. मग रिलेला वेगळा अडॅप्टर दिला, फक्त ग्राउंड कॉमन, आणि प्रॉब्लेम गायब. १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले, कॉइल ४०० ओहम, म्हणजे जेमतेम ३० मिलिअँप, पण तेवढ्यानेही सप्लाय हलतो आणि तो धक्का माइकच्या १० के रेझिस्टरमधून थेट बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसवर, तिथून मोठा होऊन परत ५५५ ला ट्रिगर, जणू दुसरी टाळी.

उपाय एकदम स्वस्त. माइक आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या सप्लायला १ के रेझिस्टर सिरीजमध्ये आणि पुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शिवाय ४०१७ च्या (पल्स मोजणारा काउंटर आयसी) सप्लायच्या पिन १६ ला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर. आता एकाच अडॅप्टरवर बिनघोर चालतंय, कितीही वेळा टाळी वाजवा. हे तीन पार्ट प्रत्येक ड्रॉइंगमध्ये असायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. ५५५ चा टाइम ०.११ सेकंदावरून (१०० के, १ मायक्रो) १.१ वर नेला तरी लक्षण दबतं, पण मग पटापट दोन टाळ्या मोजता येत नाहीत आणि मला त्याच हव्यात.

कारण आता कुकरची शिट्टी झाली की लाइट लागतो :( आधी प्लॅन होता प्रीसेटने (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) सेन्सिटिव्हिटी कमी करायची, पण लिहिता लिहिताच सुचलं, लांब शिट्टीत ५५५ पुन्हा पुन्हा ट्रिगर होणार, सेकंदाला आठ-नऊ पल्स! मग ४०१७ ने मोजायचंच, क्यू३ (पिन ७) थेट मोजणी थांबवणाऱ्या पिन १३ ला, म्हणजे तिसऱ्या पल्सला काउंटर अडकला, आणि एका सेकंदाची विंडो संपताना क्यू२ हाय असेल तरच ४०१३ (चालू-बंद स्थिती लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप आयसी) टॉगल, मग काउंटर रिसेट. त्यासाठी दुसरा ५५५ लागेल. शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन ४०१३ आणि चांगले मशीन-पिन सॉकेट आणतो, साधे सॉकेट दोन-चारदा आयसी काढघाल केली की सैल होतात. तोपर्यंत २३० व्होल्ट जोडत नाही, रिलेवर १२ व्होल्टची एलईडी पट्टीच. कोणी ४०१३ ला पॉवर-ऑन रिसेट (सप्लाय येताच आपोआप रिसेट) दिला असेल तर व्हॅल्यू टाका प्लीज.