पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी

व्याख्यान दीड तासाचं होतं. त्याचा अहवाल मंजूर व्हायला मला अकरा दिवस लागले. तो छापील नमुना आठवला की अजून डोकं तापतं: ‘पाहुण्यांकडून काय शिकलात? पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी.’

पाहुण्या बाईंचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. पहिला तास नेहमीसारखाच गेला, जिद्द, नकार, पहिलं गिऱ्हाईक. मी वहीच्या कडेला वेलबुट्टी काढत होते. प्रश्नोत्तरांत मागून कुणीतरी विचारलं, "धंदा बंद करायची वेळ आली होती का कधी?" त्या म्हणाल्या, "आली ना. ऑर्डरी दुप्पट झाल्या त्या वर्षी." सगळे हसले, त्या नाही हसल्या. फळ्यावर तीन आकडे लिहिले: १५, ३०, ६०. कच्च्या मालाचे पैसे १५ दिवसांत द्यायचे. माल बनून विकला जायला ३० दिवस. गिऱ्हाईक बिल चुकतं करणार त्यानंतर ६० दिवसांनी. "नफा वहीत होता, खात्यात नव्हता," म्हणाल्या आणि खडू ठेवला. वेळ संपली होती.

हे काही मला उमगेना. नफा आहे तर पैसे गेले कुठे? रात्री वहीत दिवसांचा तक्ता मांडला. दर महिन्याला १०० चा माल घ्यायचा, १२० ला विकायचा. पैसे बाहेर जातात १५व्या, ४५व्या आणि ७५व्या दिवशी. पहिले १२० हातात येतात ९०व्या दिवशी. विक्री मात्र बिल फाडलं त्या दिवशीच वहीत चढते. म्हणजे ८९व्या दिवशी वहीत ३०व्या आणि ६०व्या दिवशीच्या दोन विक्र्यांचा ४० नफा, आणि खात्यातून गेलेले ३००! धंदा दुप्पट केला तर ६०० अडकणार. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवताना असा अडकून राहणारा पैसा, हा शब्द परीक्षेत मी दोन वेळा लिहिला होता, दोन्ही वेळा पूर्ण गुण. तो काय प्रकार आहे ते त्या रात्री कळलं. गिऱ्हाइकाला ६० ऐवजी ३० दिवसांवर आणलं तर अडकतात २००च. एकही जादा वस्तू न विकता १०० मोकळे.

मी अर्थातच हाच तक्ता अहवालात घातला. परत आला. शेरा: ‘नमुन्याप्रमाणे नाही.’ तक्ता मोडून त्याचे पाच मुद्दे केले. परत आला, कारण एक मुद्दा तीन ओळींचा झाला होता. तिसऱ्यांदा स्वतः घेऊन गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी पान उलटंपालटं करून विचारलं, "हे हिशेबाचं ठीक आहे, पण यात प्रेरणा कुठंय?" मी म्हटलं, "सर, बाईंचा कारखाना ज्यामुळे बुडायला आला होता ते आहे यात." ते म्हणाले, "नकारात्मक नको." मधे दोन दिवस सुट्टीचे, एक दिवस सहीवाले जागेवर नाहीत. शेवटी बाहेरच्या बाकावर बसून दहा मिनिटांत लिहिलं: जिद्द, चिकाटी, वेळेचं नियोजन, संघभावना, सकारात्मकता. तिथल्या तिथे शिक्का. या मंजुरीचा आनंद झाला म्हणू की लाज वाटली म्हणू, अजून ठरलेलं नाही.

कुणाला असं व्याख्यान ऐकायचं असेल तर पुढे बसा, माइक पुढच्या दोन रांगांतच फिरतो. (मागच्याला त्या दिवशी ओरडून विचारावं लागलं.) ‘यशाचं रहस्य काय’ विचारू नका, पाठ केलेलं उत्तर मिळतं. पैसे कधी आले आणि कधी द्यावे लागले, तारखा विचारा. रकमा सांगायला लोक कचरतात, दिवस सांगून टाकतात. आणि हो, टिपणं त्याच रात्री उतरवा; माझे तीन आकडे सकाळपर्यंत राहिले नसते.

तक्ता फुकट जाऊ नये म्हणून मी बाईंना पाठवला, शेवटच्या स्लाइडवर त्यांचा ईमेल होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "बरोबर आहे. पण पगार कुठे आहेत? ते ६० दिवस थांबत नाहीत." महिनाअखेरीस १० पगार, अशी ओळ घातली. ८९व्या दिवशीचा नफा ४० चा २० झाला, गेलेले ३०० चे ३२०. हा तक्ता मात्र कुठल्याही टेबलावर नेला नाही.