आईसोबत पंचवीस रात्री: परदेशात परवडणारा मुक्काम शोधताना

आईचे गुडघे आणि बँकेतली शिल्लक, या दोन्ही गोष्टी सांभाळून युरोपात पंचवीस रात्री काढायच्या होत्या. विमानाची तिकिटं आधी काढली, राहायच्या जागांचे भाव नंतर बघितले. क्रम उलटा झाला होता हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. आम्हाला म्युनिकला जायचं होतं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन ऑक्टोबरफेस्टच्या गर्दीत. नावात ऑक्टोबर असलं तरी हा उत्सव सप्टेंबरमध्येच सुरू होतो, हे मला माहीत नव्हतं. साध्या खोल्यांचे भाव नेहमीच्या कितीतरी पट झालेले.

तेव्हापासून एक सवय लागली. शहर ठरवलं की त्या तारखांना तिथे काय आहे ते आधी बघायचं. ऑगस्टमध्ये एडिंबराला कला महोत्सव असतात, ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला पुस्तकांचं प्रदर्शन भरतं, कलोनला व्यापारी प्रदर्शनं तर वर्षभर सुरू असतात. खोली तीच असते, तारीख चार दिवसांनी मागेपुढे झाली की भाव बदलतो.

व्हिसाच्या कामातही मुक्कामाचाच प्रश्न पुढे होता. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, पासपोर्ट, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा वगैरे कागद लागतातच, शिवाय रात्री कुठे राहणार याचाही पुरावा द्यावा लागतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा तेही रात्री मोजूनच ठरतं, जिथे जास्त दिवस राहणार तिथे. आमच्या नऊ रात्री जर्मनीत होत्या, म्हणून अर्ज जर्मनीकडे केला. ‘फुकट रद्द करता येणारी कुठलीही बुकिंगं करून टाक, व्हिसा आला की सगळी मोडून स्वस्त जागा बघ,’ असं मला निदान चार जणांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. विमानतळावर उतरल्यावर अधिकारी राहण्याचे कागद मागू शकतो, आणि व्हिसा येईपर्यंत चांगल्या स्वस्त जागा भरून गेलेल्या असतात. मी खरोखर राहायच्याच जागा घेतल्या. फक्त रद्द करायची मुभा असलेल्या निवडल्या आणि प्रत्येकीची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवली. ती मुदत बहुतेक ठिकाणी तिथल्या घड्याळाप्रमाणे धरली जाते, आपल्या नाही, हेही तिथेच लिहिलं.

ती वही माझ्या फार उपयोगी पडली. सुरुवातीला तिच्यात दोनच रकाने होते, जागेचं नाव आणि एका रात्रीचं भाडं. आठवडाभरात रकाने वाढत गेले: सफाईचे वेगळे पैसे, शहराचा पर्यटन कर, स्टेशनापासूनचं अंतर, रोज शहरात जायचं-यायचं भाडं, स्वयंपाकघर आहे का, लिफ्ट आहे का. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून राहण्याच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर आहे. रोममध्ये तो दर माणशी दर रात्री लागतो आणि बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, तिथे पोचल्यावर वेगळा भरावा लागतो. सफाईचे पैसे एकदाच लागतात. त्यामुळे दोन रात्रींना महाग पडणारं घर पाच रात्रींना परवडतं. हे सगळं मिळवून, रात्रींनी भागून जो आकडा येतो, तोच मी खरा भाव धरू लागले. यादीत सगळ्यात वर दिसणाऱ्या जागा या हिशेबात कितीदा तरी खाली गेल्या.

ॲम्स्टरडॅमऐवजी आम्ही हार्लेमला राहिलो ते या वहीमुळेच. लोकलने वीस मिनिटांच्या आत ॲम्स्टरडॅम, रात्री उशिरापर्यंत गाड्या, आणि गाव स्वतःही पाहण्यासारखं. पण नेदरलँड्समधली जुनी घरं अरुंद असतात आणि त्यांचे जिने शिडीसारखे उभे. फोटोत जिना कोणी दाखवत नाही. मग मी राहून गेलेल्या लोकांचे अभिप्राय वाचायला बसले, आणि तेही पाच ताऱ्यांचे सोडून तीन ताऱ्यांचे. खूश झालेला माणूस ‘सुंदर जागा’ एवढंच लिहितो, चिडलेला माणूस सगळंच वाईट ठरवतो. मधले लोक मात्र नेमकं सांगतात: बॅग घेऊन चढताना त्रास झाला, खिडकीखाली ट्राम आहे, गरम पाणी दुसऱ्या आंघोळीला पुरत नाही. जिना, आवाज आणि लिफ्ट हे तीन शब्द मी प्रत्येक जागेच्या अभिप्रायात शोधले. शेवटी एका निवृत्त बाईंच्या घरातली तळमजल्यावरची, मागच्या अंगणाकडे उघडणारी खोली मिळाली. पाच रात्रींत आईला एकही पायरी चढावी लागली नाही.

एक फसवणूक थोडक्यात टळली, ती सविस्तर सांगते, कारण अशा जागा दिसायला फार छान असतात. व्हिएन्नात शहराच्या मध्यात एक अख्खं घर जवळजवळ निम्म्या भावात दिसलं. मी विचारणा केली तर दहा मिनिटांत उत्तर आलं. अतिशय गोड भाषा, आईच्या तब्येतीची चौकशीसुद्धा. फक्त पैसे संकेतस्थळावरून न भरता थेट बँक खात्यात पाठवा, म्हणजे आणखी दहा टक्के सूट देतो. मी घराचा फोटो उलटा शोधून बघितला, म्हणजे तो फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते तपासलं. तेच स्वयंपाकघर, ओट्यावर तीच पिवळी किटली, त्याच कोनातून पडलेलं ऊन. फक्त घर दुसऱ्या देशातल्या शहरात आणि मालकाचं नाव वेगळं. संकेतस्थळाबाहेर पैसे दिले की ते परत मिळवायला दारच उरत नाही. कितीही सूट मिळत असली तरी ते करू नका, हे मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

एवढी काळजी घेऊनही कलोनमध्ये पंचाईत झालीच. आम्ही तिथे एक छोटं घर घेतलं होतं. मालक भेटणार नव्हता, दाराशेजारी किल्लीची पेटी होती आणि तिचा चार आकडी कोड मला संदेशात आला होता. पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि पाऊस लागला होता. मोबाइलच्या उजेडात मी आकड्यांची चाकं फिरवत होते. पहिल्यांदा उघडली नाही तेव्हा वाटलं बोटं ओली आहेत म्हणून. रुमालाने चाकं पुसली, पुन्हा फिरवली, खटका दाबला. पेटी ढिम्म. मालकाचा फोन वाजून वाजून बंद झाला. आई बॅगेवर बसली होती. ती म्हणाली, “अगं, किती वेळ त्याच दाराशी उभं राहायचं? दुसरी सोय बघ.”

दुसरी सोय वहीत होती. प्रत्येक शहरासाठी उशिरापर्यंत रिसेप्शन सुरू असलेली एक जागा मी पत्ता आणि फोनसकट लिहून ठेवली होती. कलोनच्या पानावर ऱ्हाइन नदीपलीकडचं युथ हॉस्टेल होतं. फोन केला, दोन खाटा होत्या, अर्ध्या तासात आम्ही तिथे पोचलो. निघण्याआधी मी बंद पेटीचा, घराच्या नंबराचा आणि न लागलेल्या फोनच्या नोंदीचा फोटो काढला आणि संकेतस्थळाकडे तेव्हाच तक्रार नोंदवली. फोटो आणि वेळ हाताशी असल्यामुळे अकरा दिवसांनी सगळे पैसे परत आले. तक्रार दुसऱ्या दिवशीवर ढकलली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

युथ हॉस्टेल म्हणजे तरुणांचंच, असा माझाही समज होता. आईचं वय अडुसष्ट. रिसेप्शनवरच्या मुलीने वय विचारलं ते फक्त आईला खालची खाट द्यायची का हे ठरवण्यासाठी. जर्मनीतल्या या वसतिगृहांना सदस्यत्व लागतं. ते घेतलं आणि घर रद्द करून पाचही रात्री तिथेच काढल्या. आपलं कुलूप न्यावं, कानात घालायला बोळे न्यावेत, रात्री लागणारं सामान वेगळ्या पिशवीत काढून ठेवावं म्हणजे अंधारात बॅगेची चेन ओढावी लागत नाही. चार खाटांच्या खोलीत उरलेल्या दोघी सायकलवरून फिरणाऱ्या बहिणी होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला आल्टेनाबद्दल सांगितलं.

आल्टेना हे रेल्वेने जाऊन एका दिवसात परतता येईल असं डोंगरातलं गाव. रिशार्ड शिरमान हे तिथले शिक्षक. १९०९ मध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना जोराच्या वादळात सापडले आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. वर्ग रिकामे होते, गवत पसरून मुलं झोपली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग फिरणाऱ्या मुलांना त्या का देऊ नयेत, हा विचार त्या रात्रीचा. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. त्या जुन्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. जाड लाकडाच्या, एकावर एक तीन खाटा. आईने खालच्या खाटेच्या फळीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. गावातून किल्ल्यावर जायला डोंगराच्या पोटातून लिफ्ट आहे, म्हणून तिला हे बघता आलं.

त्या एका गोष्टीने माझं पुढचं शोधणंच बदललं. दुसऱ्या कामासाठी बांधलेली आणि काही काळ रिकामी राहणारी इमारत कुठे आहे, असं मी शोधू लागले. ऑस्ट्रियातल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोपर्यंत व्हिएन्नातली काही विद्यार्थी वसतिगृहं प्रवाशांना खोल्या देतात. आमच्या तारखा त्याआधी नेमक्या बसत होत्या. खोलीत टेबल, दिवा, स्वतंत्र न्हाणीघर, मजल्यावर स्वयंपाकघर, आणि भाव हॉटेलच्या जवळपास निम्मा. ब्रिटन आणि कॅनडातली विद्यापीठंही उन्हाळ्यात अशाच खोल्या देतात. मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवर त्या सगळ्या दिसत नाहीत, विद्यापीठाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वतःच्या पानावर शोधाव्या लागतात.

म्युनिकचा प्रश्न त्याआधी जवळच्याच ऑग्सबुर्गने सोडवला होता. तारखा थोड्या अलीकडे ओढल्या, चार रात्री ऑग्सबुर्गला राहिलो आणि बायर्न तिकिटावर, म्हणजे त्या राज्यात एक दिवस चालणाऱ्या तिकिटावर, साध्या गाडीने म्युनिकला गेलो. हे तिकीट दिवसभर चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. याच गावात फुगराय आहे. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये शहरातल्या गरजूंसाठी उभारलेली ही वसाहत. आजही तिथे लोक राहतात आणि वर्षाचं मूळ भाडं ०.८८ युरो आहे. प्रवाशांसाठी ती नाही, तिकीट काढून बघता येते. मुक्कामाच्या पैशांची इतके महिने चिंता केल्यावर त्या पिवळसर भिंतींच्या गल्लीतून चालताना मला भरून आलं. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी परवडणाऱ्या छपराचा विचार केला, आणि तो अजून टिकून आहे.

व्हिएन्नाहून रोमला रात्रीच्या गाडीने गेलो. फक्त बायकांचा कप्पा मागून घेता येतो, आम्ही तो घेतला. तिकीट बसून जायच्या गाडीपेक्षा महाग, पण एका रात्रीचं भाडं वाचतं. तरी आईला मी पुन्हा असा प्रवास करायला लावणार नाही. तिला झोप लागली नाही आणि दुसरा दिवस थकव्यात गेला. वहीच्या हिशेबात तो दिवस धरायला हवा होता.

रोममध्ये आम्ही मठात राहिलो. इटलीत अनेक ख्रिस्ती मठ पाहुण्यांना खोल्या देतात, कुठल्याही धर्माच्या. मी पाच मठांना इटालियनमध्ये, भाषांतर यंत्राच्या मदतीने, चार ओळींची पत्रं पाठवली: आम्ही कोण, किती जणी, कोणत्या तारखा, आईला जिना चढवत नाही. तिघांनी उत्तर दिलं. एका ठिकाणी खालच्या मजल्यावर खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, पांढऱ्या कडक चादरी, भिंतीवर क्रूस, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. दार रात्री साडेदहाला बंद होई. पहिल्या रात्री आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो तर म्हाताऱ्या सिस्टर दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. त्या रागावल्या नाहीत, आईचा हात धरून तिला खोलीपर्यंत सोडून आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी वाटभर बोलत होत्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दहाच्या आत घरी.

मठाचं दार पहाटे सहाच्या आधी उघडत नसे आणि आमचं परतीचं विमान सकाळी सातला होतं. हे मी पत्रातच विचारून घेतलं होतं, म्हणून शेवटची रात्र फ्युमिचिनोला, विमानतळाजवळच्या एका साध्या खोलीत ठरवली होती. पंचवीस रात्रींतली ती सगळ्यात महाग. तिथे दिवा मालवायच्या आधी मी वहीत शेवटची ओळ भरत होते, तेव्हा आईने विचारलं, “त्या सिस्टरांचा पत्ता नीट लिहून घेतलास ना?” मी पान उलटून तिला दाखवला.