मागच्यांना माईक कशाला?

"मागच्यांना माईक कशाला? ते नुसतं जी जी तर करतात!"

नाशिकचं सातपूर, कामगार दिनाचा शाहिरी कार्यक्रम. साऊंडवाला पोरगा सहज बोलला आणि एकुलता एक माईक शाहिरापुढे ठेवून मोकळा झाला. (सकाळपासून वायरी ओढत होता बिचारा.)

मग व्हायचं तेच झालं. डफ माईकपासून वीतभर, शब्द त्याच्याखाली गेले. झील, म्हणजे शाहिरामागच्या साथीदारांची 'जी जी', ऐकूच येईना. झीलकरी सूर धरून ठेवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. झील गेली की तो धापा टाकतो, लय पळते. पोवाड्याच्या तिसऱ्या चौकात, म्हणजे तिसऱ्या कडव्यात, शाहिराचा घसा बसला.

खरं तर दोन झीलकऱ्यांत एक माईक पुरतो. डफ दोन हात बाजूला, त्याचं तोंड माईककडे नको. चामडं सैल पडलं तर आधी शेकायचं, पण जाळापासून लांबच, नाहीतर तडकतं.

भाषणात 1890 ची रविवारची सुट्टी आली, ती मिळवून देणारे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आलं. यायलाच हवं. त्यांच्या मागे उभे राहिलेले गिरणी कामगार मात्र एका वाक्यात उरकले.

पत्रिकेवर झीलकऱ्यांची नावं शेवटची कधी वाचलीत?