‘द मूनस्टोन’ आणि चिठ्ठ्यांचा डबा

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी पाच वाजता, देवघेव विभाग बंद झाल्यावर, जुन्या रहस्यकादंबऱ्या वाचणारे आम्ही अकरा सभासद नियतकालिकांच्या लांब टेबलाभोवती बसतो. इतर कोणत्याही पुस्तकाविषयी मोकळेपणाने बोलता येते; रहस्यकथेविषयी बोलताना मात्र एकाने शेवट उघड केला की दुसऱ्याचे वाचन तिथेच संपते. आमच्या पहिल्या काही बैठका याच अडचणीने फिक्या गेल्या. ज्यांचे पुस्तक वाचून झालेले नसे, ते येण्याचे टाळत किंवा चर्चा रंगात आली की उठून जात.

यावर उपाय सापडला तो विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या, नाहीशा झालेल्या हिऱ्याभोवती फिरणाऱ्या इंग्रजी रहस्यकादंबरीमुळे. ही कादंबरी चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात 4 जानेवारी ते 8 ऑगस्ट 1868 या काळात 32 हप्त्यांत प्रसिद्ध झाली. पहिल्या वाचकांना ती एका बैठकीत संपवण्याची सोयच नव्हती. त्यांना आठवडाभर थांबावे लागे, आणि त्या थांबण्यातच तर्क लढवले जात. मग आपणही तसेच थांबून का वाचू नये, असे आमच्या ग्रंथपालबाईंनी सुचवले. आम्ही कादंबरीचे चार टप्पे पाडले आणि ठरलेल्या प्रकरणापुढे कोणी जायचे नाही, असा नियम केला. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी आपला संशय कोणावर आहे आणि कशावरून, हे चिठ्ठीवर लिहून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा ग्रंथपालबाईंच्या कपाटात राहणार आणि शेवटच्या बैठकीलाच उघडणार. प्रत्येकाची आवृत्ती निराळी असल्याने पृष्ठक्रमांक उपयोगाचा नव्हता, आणि निवेदक बदलला की प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत असल्याने नुसता प्रकरणाचा आकडाही पुरेसा नव्हता. म्हणून चिठ्ठीवर निवेदकाचे नावही लिहावे लागे.

ही निवेदकांची व्यवस्था मला या कादंबरीचे सर्वांत मोठे बळ वाटते. प्रत्येकाने आपण स्वतः जे पाहिले तेवढेच सांगायचे, अशी अट असल्यामुळे आपण कोर्टात बसून एकामागून एक साक्षी ऐकत आहोत असे वाटू लागते. घरचा म्हातारा कारभारी बेटरेज प्रत्येक संकटात ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो आणि समोर येईल त्या पानात स्वतःसाठी आधार शोधतो. हे वाचून एका ज्येष्ठ सभासदांना अडचणीच्या वेळी दासबोध उघडून समोर येईल ती ओवी वाचणारे आपले आजोबा आठवले. त्या दिवसापासून बेटरेज आम्हांला परका राहिला नाही.

दुसऱ्या बैठकीचा बहुतेक वेळ दारावरच्या रंगाच्या एका डागावर गेला. हिरा ज्या खोलीतून नाहीसा होतो, तिच्या ताज्या रंगवलेल्या दारावर एक लहानसा डाग पडलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी सीग्रेव्ह यांच्या मते तो खोलीत गर्दी केलेल्या मोलकरणींच्या झग्यांमुळे पडला. तपासासाठी बोलावलेले गुप्तहेर सार्जंट कफ मात्र त्याच डागापाशी थांबतात. रंगकाम बुधवारी दुपारी तीनला संपले, रंग वाळायला बारा तास लागतात, आणि मोलकरणी खोलीत आल्या त्या गुरुवारी सकाळी अकराला. म्हणजे त्या वेळी रंग वाळून आठ तास उलटून गेले होते. हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. त्यात एकही आकडा वाचकापासून लपवलेला नाही, सगळे त्याच्यासमोर ठेवलेले आहेत. जुन्या रहस्यकादंबऱ्यांतला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

सर्वांत लांबलेली चर्चा मात्र चोर कोण याविषयी झाली नाही. कथेची सुरुवात 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले त्या दिवसापासून होते. मूळचा सोमनाथाच्या देवतेचा असलेला तो पिवळा हिरा पुढे टिपू सुलतानाच्या शस्त्रागारातल्या एका खंजिराच्या मुठीत बसवलेला असतो, आणि एक इंग्रज अधिकारी त्याच्या रक्षकांची हत्या करून तो पळवतो. मग यॉर्कशायरमधल्या बंगल्यातून हिरा गेला, त्याला चोरी म्हणायचे का, असा प्रश्न महाविद्यालयात शिकणाऱ्या एका सभासदाने विचारला. हिऱ्याच्या मागावर असलेल्या तीन ब्राह्मणांकडे इंग्रज पात्रे भीतीने पाहतात. आम्हांला मात्र त्यांची बाजू ऐकावीशी वाटत होती, आणि लेखकाने तिला किती जागा दिली यावर आमच्यात सरळ दोन तट पडले. माझ्या मते 1868 च्या इंग्रज लेखकाच्या मानाने ती पुष्कळ आहे.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत आमची वेगळीच अडचण आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण आमच्या संग्रहात उरलेल्या थोड्या प्रतींपैकी कित्येकांची शेवटची पाने फाटलेली आहेत. एका प्रतीवर तर आतल्या मुखपृष्ठावरच कोणीतरी पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवले आहे. अर्नाळकरांचे नायक झुंजार किंवा काळा पहाड यांची दिवसाच्या भाड्याने आणलेली पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेली पिढी आमच्यात आहे, आणि तिच्याकडे सांगण्यासारखे खूप आहे. ही पुस्तके आता जपली नाहीत तर नुसत्या आठवणी उरतील, याची मला मनापासून काळजी वाटते. चांगल्या स्थितीतल्या प्रती कोणाच्या माळ्यावर असतील, तर त्या रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयाला द्याव्यात.

चौथ्या बैठकीत डबा उघडला. पहिल्या दोन टप्प्यांतल्या बावीस चिठ्ठ्यांपैकी एकही बरोबर निघाली नाही. तिसऱ्या टप्प्यातली एक बरोबर होती, आणि ती आमच्यात सर्वांत कमी बोलणाऱ्या काकूंची होती. त्यांनी कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती : बेटरेज, अमुक प्रकरण, जेवणाच्या टेबलावरचे बोलणे. सगळ्यांनी पाने मागे उलटली. ते बोलणे तिथेच होते, आणि मी ते वाचून पुढे गेले होते. त्या प्रकरणाचा आकडा मी येथे मुद्दाम लिहिलेला नाही.