अंपायर असून तुम्ही रिप्लेची बाजू का घेता?

रिप्ले म्हणजे सामन्याचे चित्रण पुन्हा पाहून अंपायरचा निर्णय तपासणे. त्याबद्दलचा हा प्रश्न मला इतक्या जणांनी, इतक्या वेगवेगळ्या सुरांत विचारला आहे की आता एकदाच सविस्तर उत्तर लिहून काढावे असे वाटते. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, मी 2007 पासून उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी शाळकरी मुलांच्या बेसबॉल सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहतो. माझे सहकारी अंपायर हा प्रश्न दुखावून विचारतात, कारण मी आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवतो आहे असे त्यांना वाटते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत भेटणारी आपली मराठी मंडळी आश्चर्याने विचारतात, कारण 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकरला टीव्हीसमोर बसलेल्या अंपायरने धावबाद दिले तेव्हाच त्यांच्या लेखी हा वाद मिटला होता, आणि बेसबॉलवाले अजून त्यावर भांडतात हेच त्यांना समजत नाही. दोघांनाही मी आजवर त्रोटक उत्तरे देत आलो. ती खोटी नव्हती, पण त्यांत मुख्य गोष्ट मी सांगितलेली नव्हती.

आधी पहिल्या बेसवरचा निर्णय कसा देतात ते सांगणे भाग आहे. बेस म्हणजे मैदानावरचे ठरावीक थांबे, धाव काढायला ते एकेक करून गाठावे लागतात. चेंडू मारून बॅटर जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे धावत असतो आणि त्याच वेळी फिल्डरने फेकलेला चेंडूही तिकडेच येत असतो. बेसला पाय टेकवून उभ्या असलेल्या फिल्डरच्या ग्लव्हमध्ये चेंडू आधी आला तर बॅटर बाद. धावणाऱ्याचा पाय खाली, ग्लव्ह वर. दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की डोळे बेसवर ठेवायचे आणि चेंडू कानाने टिपायचा. पाय बेसवर पडताना दिसतो, चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा थप्प असा आवाज येतो, आणि या दोहोंत आधी काय घडले ते सांगायचे. बहुतेक वेळा ही रीत चोख काम करते. पण प्रेक्षक उभे राहून ओरडत असतील, चेंडू ग्लव्हच्या तळव्यात न बसता जाळीच्या टोकाशी अडकला असेल, किंवा फिल्डरचे शरीर मध्ये येत असेल, तर कान आणि डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात, आणि तरीही उत्तर एका क्षणात द्यावे लागते.

2 जून 2010 ची रात्र डेट्रॉइटमध्ये राहणारा कोणीही विसरलेला नाही. कोमेरिका पार्कवर डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा आर्मांडो गॅलारागा क्लीव्हलँडविरुद्ध पिचिंग करत होता, म्हणजे बॅटरना चेंडू टाकत होता, आणि त्याने ओळीने 26 बॅटर बाद केले होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरा धावत जाऊन घेतलेला झेल पाहून आम्ही घरात खुर्च्यांवरून उठलो होतो. आणखी एक बॅटर बाद झाला असता तर तो परफेक्ट गेम ठरला असता, म्हणजे 27 पैकी एकालाही बेसवर पोहोचू न देणे, जे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या इतिहासात तोवर अवघे 20 वेळा घडले होते. जेसन डोनाल्डने चेंडू जमिनीवरून पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये मारला, मिगेल कॅब्रेराने तो अडवून फेकला, गॅलारागाने धावत येऊन बेसवर पाय ठेवला आणि चेंडू घेतला. अंपायर जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरून सेफ, म्हणजे नाबाद, दिले. टीव्हीवर पुन्हा दाखवले तेव्हा धावणारा एका पावलाने मागे होता हे लहान मुलालाही दिसत होते.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. गॅलारागा फक्त हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करायला परत गेला. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रण पाहिले, आपली चूक बिनशर्त कबूल केली आणि डोळ्यांत पाणी आणून त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागे, उभे होते, आणि टायगर्सच्या खेळाडूंच्या नावांचा कागद घेऊन त्यांच्याकडे गॅलारागाच गेला. अंपायरने भर मैदानात डोळे पुसले. मेजर लीगचे कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलायला नकार दिला.

त्या आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत होतो की हेच बेसबॉल आहे. रिप्ले असता तर दोन मिनिटांत निर्णय बदलला असता, सगळे घरी गेले असते, आणि एका माणसाने दुसऱ्याला इतक्या मोकळेपणाने क्षमा केलेली आपल्याला कधी दिसली नसती, हा माझा युक्तिवाद होता, आणि तो मी ऑफिसात, मैदानावर, मंडळाच्या बैठकीतही केला. तेव्हाच्या मला आज मी एवढेच विचारतो की त्या सुंदर क्षणाची किंमत कोणी मोजली? 28 वर्षांच्या एका पिचरने मोजली, मी नव्हे. दुसऱ्याचे हिरावलेले पाहून आपले मन भरून येते म्हणून ते हिरावले जाऊ द्यावे, हे मी कोणत्या अधिकाराने म्हणत होतो?

पण हे शहाणपण मला गॅलारागाने दिलेले नाही. ते 2012 च्या जून महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास आले, आणि तेच मी आजवर सांगायचे टाळले होते.

बारा वर्षांच्या मुलांचा सामना होता. त्या वयात बेसमधले अंतर 90 ऐवजी 60 फूट असते आणि सामना सहा इनिंगचा. सहावी इनिंग, दोन बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू, आणि फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे. मी बेस अंपायर होतो, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मागे, जिथे तांबडी माती संपून गवत सुरू होते तिथे. अंगाने किरकोळ, हेल्मेट थोडे सैल असलेल्या एका मुलाने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे, चेंडू मारला. शॉर्टस्टॉपने तो नीट अडवला, पण फेक किंचित होम प्लेटच्या बाजूला गेली आणि पहिल्या बेसवरच्या मुलाला त्या बाजूला पुरते ताणावे लागले. मी बेसकडे पाहत होतो. चेंडूचा थप्प आवाज आला, आणि नंतर धावणाऱ्याचा पाय पडला. मी मूठ उगारून आउट दिले. एक संघ उड्या मारत मैदानात धावला.

तो मुलगा बेसवरून हलला नाही. दोन्ही पाय बेसवर ठेवून तो पहिल्या बेसवरच्या मुलाच्या बुटाकडे पाहत होता, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “सर, त्याचा पाय उचललेला होता.”

आता मी जे लिहितो आहे ते लिहायला मला बारा वर्षांहून अधिक काळ लागला. तो पाय मला दिसलाच नव्हता. ताणलेल्या मुलाचे शरीर माझ्या आणि बेसच्या मध्ये आले होते, आणि टाच बेसला टेकलेली होती की नाही हे मी पाहिलेले नसून गृहीत धरलेले होते. अशा वेळी काय करायचे हे नियमात स्पष्ट आहे. दुसरा अंपायर तुमचा निर्णय आपणहून बदलू शकत नाही, पण तुम्ही त्याला विचारू शकता. होम प्लेटमागे उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्या रेषेवरून ती टाच सरळ दिसत होती. तो माझ्याकडे पाहत उभा होता, आणि मी विचारण्याची वाट पाहत होता हे मला तेव्हाही कळले होते. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. विचारले तर मला दिसले नव्हते हे दोन्ही डगआउटना समजेल, उद्या प्रत्येक निर्णयावर कोच धावत येईल, असा विचार माझ्या मनात आला. “सामना संपला आहे, बाळा,” असे म्हणून मी मैदानाबाहेर चालू लागलो.

पार्किंगमध्ये त्या मुलाचे वडील आले. ते भांडायला येत आहेत असे समजून मी आधीच कडक सुरात सांगितले की निर्णय अंतिम आहे आणि मी कोणतेही चित्रण पाहणार नाही. ते म्हणाले, “निकाल बदला असं मी म्हणत नाही. तो खोटं बोलत नव्हता, एवढंच तुम्हाला ठाऊक असावं असं वाटतं.” त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने सावली केली. चेंडू ग्लव्हमध्ये बसला तेव्हा टाच आणि बेस यांच्यात हाताची चार बोटे मावतील एवढी जागा होती. आमच्या स्कोअरबुकात शॉर्टस्टॉपकडून पहिल्या बेसकडे गेलेल्या चेंडूवर बाद झाला की 6-3 असे लिहितात, आणि त्या मुलाच्या चौकोनात ते पेन्सिलने लिहून झालेले होते.

जॉइस यांनी गॅलारागाची क्षमा मागितली. मी मागितली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर तो मुलगा मला दिसला होता, आणि मी गाडीतले सामान काढण्यात स्वतःला गुंतवून घेतले. माझी बाजू मांडायची तर एवढे म्हणता येईल की अंपायरने मुलांकडे जाऊन निर्णयांची चर्चा करू नये असा आमच्याकडे संकेत आहे. तो संकेत योग्य आहे, आणि मी त्याच्या आड लपलो हेही तितकेच खरे आहे.

म्हणून सहकारी जेव्हा मला म्हणतात की रिप्लेने अंपायरचा मान जातो, तेव्हा मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. माझ्या दृष्टीने रिप्ले म्हणजे मी त्या दुपारी जे विचारले नाही ते विचारण्याची सोय आहे, आणि ते विचारणे कोणा एकाच्या हिमतीवर किंवा अहंकारावर अवलंबून राहू नये म्हणून नियमानेच ते घडवून आणले आहे. 2008 मध्ये मेजर लीगमध्ये ही सोय फक्त होमरनच्या, म्हणजे थेट सीमेपार मारलेल्या चेंडूच्या, सीमारेषेपुरती आली, आणि 2014 पासून संघाच्या मॅनेजरला बेसवरच्या निर्णयांनाही आव्हान देता येऊ लागले. आव्हान दिलेले साधारण निम्मे निर्णय बदलतात. हा आकडा अंपायरांच्या विरोधात वापरला जातो याचे मला वाईट वाटते, कारण आव्हान दिले जाते तेच मुळात केसाच्या अंतरावरच्या निर्णयांना.

कॅन्सस सिटीचे मैदान मला यासाठी नेहमी आठवते. 26 ऑक्टोबर 1985 ला, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात, सेंट लुइस 1-0 ने पुढे असताना आणि विजेतेपदापासून तीन बाद दूर असताना, अंपायर डॉन डेंकिंगर यांनी पहिल्या बेसवर कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्गे ओर्टाला सेफ दिले. तो बाद होता. रॉयल्सनी तो सामना 2-1 ने जिंकला, दुसऱ्या दिवशी सातवाही 11-0 ने जिंकला, आणि डेंकिंगर यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच मैदानावर, त्याच पहिल्या बेसवर, 29 ऑक्टोबर 2014 ला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात रॉयल्सचा एरिक हॉस्मर झेप घेऊन पोहोचला आणि अंपायरने सेफ दिले. सॅन फ्रान्सिस्कोने आव्हान दिले, न्यूयॉर्कमध्ये चित्रण तपासले गेले, आणि जवळपास 3 मिनिटांनी तो बाद ठरला. सॅन फ्रान्सिस्को 3-2 ने जिंकले. त्या अंपायरचे नाव आज किती जणांना आठवते? तो घरी गेला आणि पुढच्या मोसमात कामावर परतला. डेंकिंगर यांना ती एक चूक 2023 मध्ये मृत्यूनंतरच्या बातम्यांतही चिकटलेली होती. अंपायरचे भले कशात आहे, हे माझ्या सहकाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून मला सांगावे.

तरीही रिप्लेचे सगळेच मला पटते असे समजू नका. दुसऱ्या बेसवर घसरत येणारा धावपटू चेंडूच्या आधी पोहोचतो, उठताना त्याचा पाय क्षणभर बेसपासून इंचभर सुटतो, फिल्डरचा ग्लव्ह तोवर त्याच्या अंगाला चिकटलेला असतो, आणि संथ गतीतल्या चित्रणावरून त्याला बाद दिले जाते. शंभर वर्षांत असे बाद कोणी मागितले नव्हते, कोणाला दिसलेही नव्हते. नियमाच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर आहे, आणि पाहताना दर वेळी मला अन्याय झाल्यासारखे वाटते. माझ्या बाजूच्या युक्तिवादात याला उत्तर नाही. स्ट्राइक झोनचेही, म्हणजे टाकलेला चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून गेला की नाही या निर्णयाचेही, तसेच आहे. 2026 च्या मोसमापासून बॅटर, पिचर किंवा कॅचर टोपीला वा हेल्मेटला हात लावून यंत्राकडे दाद मागू शकतो, प्रत्येक संघाला दोन संधी, आणि दाद खरी ठरली तर संधी शाबूत. प्रत्येक चेंडू यंत्राने ठरवण्यापेक्षा हे मला बरे वाटते. पण 17 इंची प्लेटच्या कडेवरचा चेंडू टिपायला मी अठराहून अधिक उन्हाळे गुडघे वाकवून शिकलो आहे, आणि उद्या ते सगळे यंत्राकडे गेले तर मला आनंद होईल असे मी खोटे लिहिणार नाही.

गॅलारागाने पुढे, 2020 मध्ये, आपल्या त्या सामन्याची परफेक्ट गेम म्हणून नोंद व्हावी अशी मागणी केली. ती नोंद अजून झालेली नाही. व्हावी का, याबद्दल मी दोनदा मत बदलले आहे. त्याच्या बाबतीत दुरुस्ती सोपी आहे, कारण पुढचा बॅटर बादच झाला आणि निकालाला धक्का लागत नाही. पण ज्याची चूक सोयीची तीच दुरुस्त करायची, तर 1985 च्या सेंट लुइसला काय सांगायचे, आणि ज्यांचे सामने कोणत्याच कॅमेऱ्याने टिपले नाहीत त्यांना काय सांगायचे? आमच्या मुलांच्या मैदानांवर रिप्ले नाही आणि येण्यासारखाही नाही. तिथे दुसऱ्या अंपायरला विचारणे एवढेच आहे, आणि मी आता विचारतो, कोच ओरडले तरी विचारतो. तो मुलगा आता पंचविशी ओलांडलेला असेल. त्याच्या चौकोनात 6-3 असेच लिहिलेले आहे.